फावल्या वेळचे स्वरकार आणि त्यांचे साथीदार

दिवसभर पोटाचा उद्योग करून संध्याकाळी आपल्या गाण्याकडे वळणारा मनुष्य आपल्या समाजात काही नवा नाही. तो कचेरीत कारकून असतो, शाळेत मास्तर असतो, बँकेत रोखपाल असतो, किंवा कारखान्यात पाळीवर जाणारा कामगार असतो. कागदांवर शिक्के उमटवीत असता त्याच्या मनात एखादी चाल घोळत असते, आणि घरी परतल्यावर पेटी पुढे ओढून तो ती चाल बोटांखाली आणू पाहतो. अशा माणसाची चाल पूर्वी बहुधा त्याच्याबरोबरच संपत असे. फार तर मुलाबाळांच्या तोंडी ती काही वर्षे राही. सांप्रत ध्वनिमुद्रणाची साधने स्वस्त आणि सुटसुटीत झाल्यामुळे ती कायम करून ठेवणे त्याच्या आवाक्यात आले आहे. परंतु हे काम एकट्याचे नव्हे. त्याला तबलजी हवा, पेटीवाला हवा, बासरी हवी, गाणारा गळा हवा. आणि ही मंडळीही बहुधा त्याच्यासारखीच दिवसभर राबून आलेली असतात. अशा मंडळीचे काम कशाने सिद्धीस जाते आणि कशाने मोडते, ह्याविषयी आज चार शब्द बोलावे असा माझा विचार आहे.

मी गवई नव्हे. अलिबागेच्या बाजूला मास्तरकी करून निवृत्त झालेला मी एक साधा मनुष्य आहे. गाण्यातील शब्दांचे उच्चार तपासण्याच्या निमित्ताने अशा मंडळीत मला अधूनमधून बोलावणे येते, इतकाच माझा अधिकार.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. नोकरी सांभाळून केलेले संगीत म्हणजे कच्चे संगीत, अशी पुष्कळांची समजूत असते. इतिहास तिला दुजोरा देत नाही. पंडित विष्णु नारायण भातखंडे हे वकिलीचे शिक्षण घेतलेले गृहस्थ. त्यांनी गावोगाव फिरून जुन्या चिजा मिळवल्या, स्वतः लक्षणगीते रचली, आणि सहा भागांच्या क्रमिक पुस्तकांतून ते सर्व स्वरलिपीसह छापून ठेवले. मराठी भावगीताच्या आरंभीचे एक प्रसिद्ध गीत म्हणजे ना. घ. देशपांडे यांचे 'शीळ'. ते लिहिणारे कवी मेहकरचे वकील, आणि त्याला चाल लावून ते ध्वनिमुद्रिकेवर गाणारे म्हणजे ज्यांना आपण जी. एन. जोशी ह्या नावाने ओळखतो ते. त्यांच्यापाशीही कायद्याचीच पदवी होती. पुढे जोशी ध्वनिमुद्रिकांच्या कंपनीत अधिकारी झाले आणि थोरथोर गायकांची मुद्रणे त्यांच्या देखरेखीखाली झाली. डॉ. वसंतराव देशपांडे यांनी कित्येक वर्षे लष्कराच्या हिशेबखात्यात नोकरी केली. १९६२ मध्ये मुंबई आकाशवाणीसाठी मंगेश पाडगांवकरांचे शब्द आणि श्रीनिवास खळे यांची चाल घेऊन 'शुक्रतारा' हे गीत सुधा मल्होत्रा यांच्याबरोबर ज्यांनी गायिले, ते अरुण दाते कापड-उद्योगातील अभियंते होते. श्रीधर फडके यांनी एअर इंडियातील नोकरी सांभाळून आपल्या चाली बांधल्या. तेव्हा नोकरी हा संगीताचा शत्रू नाही. वेळ थोडा असला म्हणजे मनुष्य तो जपून वापरावयास शिकतो.

आमच्या किनाऱ्याचेच एक उदाहरण सांगतो. अलिबाग, नवगाव, रेवदंडा ह्या भागात बेने इस्रायल समाजाची जुनी वस्ती होती. त्यांची दिवेकर, अष्टमकर, किहीमकर, पेणकर ही आडनावे आमच्याच गावांवरून पडलेली आहेत, आणि अलिबागेत व रेवदंड्यास त्यांची प्रार्थनामंदिरे आजही उभी आहेत. ह्या समाजातील काही सुशिक्षित मंडळींनी १८८० मध्ये मुंबईत कीर्तनाचा उपक्रम सुरू केला. हिंदू कीर्तनकाराची पद्धत घेऊन अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने त्यांनी मराठी पदांत बांधली. हे कोणी व्यवसायी कीर्तनकार नव्हते. आपापली कामे आटोपून जमणारी ती मंडळी होती. त्यांची आख्याने पुस्तकरूपाने छापली गेली. शब्द राहिले, कोणत्या चालीवर म्हणावयाचे तेही पदाच्या माथ्यावर राहिले. परंतु त्या पहिल्या मंडळीचा आवाज कसा होता, पेटी कोणी धरली, टाळ कोणाच्या हाती होते, हे आज कोणत्याही पुस्तकातून ऐकू येत नाही. १९४८ नंतर ह्या समाजातील बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. तेथे त्यांच्यातील स्त्रियांनी ही मराठी कीर्तने जिवंत ठेवली, ही समाधानाची गोष्ट. पण ज्या किनाऱ्याने ती नावे दिली, तेथे ते सूर आता जवळजवळ ऐकावयास मिळत नाहीत. चाल लिहून ठेवणे आणि चाल ऐकवून ठेवणे ह्यांतील अंतर ह्यावरून ध्यानात यावे.

आता मुद्रणाची रीत कशी पालटली ते पाहू. १९०२ मध्ये कलकत्त्यास गौहरजानची ध्वनिमुद्रणे झाली, तेव्हा मायक्रोफोन नव्हता. एका मोठ्या कर्ण्यापुढे तोंड करून गावे लागे. गाण्याच्या शेवटी ती आपले नाव स्वतः उच्चारीत असे. कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर येथे घडवल्या जात, आणि तेथील कारागिरांना गाणे कोणाचे हे कळावे लागे. तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे मिळत. तेवढ्यात सर्वांनी एकदमच गावे-वाजवावे लागे, आणि एकाची चूक झाली की सर्वांचे श्रम मेणावरच वाया जात. १९२५ च्या सुमारास विजेवर चालणारा मायक्रोफोन मुद्रणास जोडला गेला, पुढे चुंबकीय फीत आली, आणि आता संगणक आला.

संगणकाने एक मोठा फरक केला. प्रत्येक वाद्य निरनिराळ्या दिवशी, निरनिराळ्या घरी मुद्रित करून एकावर एक थर चढवावेत तसे जुळवता येते. तबलजी रविवारी येतो, बासरीवाला बुधवारी. गाणारी ठाण्याहून आपला आवाज धाडते. एकाने चूक केली तर त्याने तेवढाच तुकडा पुन्हा वाजवावयाचा. नोकरदार मंडळींना ही केवढी सोय! परंतु ह्या सोयीबरोबर एक जबाबदारी आली आहे. पूर्वी सर्व मंडळी समोरासमोर असत; नजरेने सम गाठता येई, मानेने लय सांगता येई. आता तबलजीसमोर गवई नसतो. कानाला लावलेल्या हेडफोनमधून फक्त लयीची टिकटिक ऐकू येते. म्हणून जे पूर्वी डोळ्यांनी ठरत असे, ते आता स्वरकाराने आधी कागदावर ठरवले पाहिजे.

हे कागदावर ठरवणे म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. समजा, चार मिनिटांचे गाणे मिनिटाला ८० मात्रांच्या लयीत बांधले आहे. म्हणजे एकंदर ३२० मात्रा झाल्या. केरवा आठ मात्रांचा, तेव्हा ४० आवर्तने. त्यांपैकी आरंभीचे वाद्यसंगीत किती आवर्तनांचे, ध्रुवपद कितीदा, दोन अंतऱ्यांमध्ये बासरी किती, तबला कोठे थांबावयाचा आणि कोणत्या मात्रेवर पुन्हा उचलावयाचा, हे सर्व एका फुलस्केप कागदावर मावते. त्याच्याबरोबर सरगम आणि स्वरकाराने स्वतः पेटीवर गाऊन ठेवलेला एक कच्चा नमुना, इतके प्रत्येकाच्या हाती आठ दिवस आधी पडले पाहिजे. सुराचेही तसेच आहे. पेटीच्या पांढरी सहाच्या सुराला सेकंदाला ४४० कंपने असावीत, हे प्रमाण १९३९ च्या लंडनच्या परिषदेत मान्य झाले, आणि संगणकातील तानपुरा तेच धरून चालतो. आपल्या घरच्या जुन्या पेट्या मात्र पुष्कळदा त्याहून चढ्या किंवा उतरलेल्या असतात. पेटीवर चाल बांधली, तीवरच गळा मुद्रित केला, आणि मागाहून बासरीवाल्यास बोलावले, म्हणजे त्याच्या वेळूचा सूर काही केल्या मिळत नाही. दोष कोणाचाच नसतो. पण संध्याकाळ मात्र फुकट जाते.

किनाऱ्यावर तर आणखी अडचणी आहेत. दमट हवेने तबल्याची पुडी सैल पडते आणि लावलेला सूर अर्ध्या तासात उतरतो. खाऱ्या वाऱ्याने पेटीचे पितळी सूर गंजतात. पावसाळ्यात पत्र्यावर सरी कोसळू लागल्या की मुद्रण थांबवण्यावाचून गत्यंतर नाही, आणि वीज गेली तर सर्वच कारभार थांबतो. मुंबईहून कोणी वादक यावयाचा तर त्याला परतीच्या लाँचची वेळ सांभाळावी लागते. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्यास मोटारी घेऊन येणारी रो-रो बोट सुरू झाली, त्यामुळे बराच आधार मिळाला आहे. एरवी पावसाळ्यात गेटवेच्या लाँचा बंद असतात आणि वडखळवरून रस्त्याने जाणे-येणे करावे लागते. मुद्रणाची खोली म्हणजे बहुधा घरातलीच एखादी मागची खोली. भिंतींवर गोधड्या टांगाव्या, दारात गादी उभी करावी, पंखा बंद करावा, आणि घामाघूम होऊन एक अंतरा पुरा करावा, असा हा संसार असतो.

गंमत अशी की शांततेसाठी अलिबागेची निवड पूर्वीही झालेली आहे. मुंबईच्या ट्रामगाड्या विजेवर चालवण्याचे ठरले, तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय मोजमापांत त्या विजेमुळे विघ्न येणार हे ओळखून १९०४ मध्ये अलिबागेस चुंबकीय वेधशाळा उभारण्यात आली. पृथ्वीच्या चुंबकत्वातील बारीकसारीक फेरबदल टिपावयाचे तर भोवतालची गडबड दूर हवी. तीच गोष्ट गाण्याची. मात्र गाण्याच्या खोलीतील सर्वांत उपद्रवी गडबड बाहेरून येत नाही. ती माणसामाणसांतील न ठरलेल्या गोष्टींची असते.

म्हणून माझे सांगणे असे की हौशी स्वरकाराने गाण्याच्या वहीबरोबर तीन हिशेब ठेवावेत.

पहिला हिशेब वेळेचा. पाच माणसे अर्धा तास वाट पाहत बसली तर अर्धा तास वाया गेला असे आपण म्हणतो. वास्तविक अडीच तास गेलेले असतात. आणि हे अडीच तास रिकाम्या माणसांचे नसतात. थळच्या खतकारखान्यात रात्रपाळी करून आलेल्या ढोलकीवाल्याची ती झोप असते. शिक्षिका असलेल्या गायिकेच्या घरचा तो स्वयंपाक असतो. ज्याची चाल खोलीत शिरेपर्यंत अर्धवट असते, तो दुसऱ्याच्या झोपेवर आपली चाल बांधीत असतो. चालीत ऐनवेळी सुचलेला बदल कधी फार सुंदर असतो, हे मी नाकारीत नाही. परंतु तो साथीदारांना विचारून करावा, त्यांच्यावर लादू नये.

दुसरा हिशेब पैशाचा. स्नेहाखातर वाजवणाऱ्यास पैसे विचारणे म्हणजे त्याचा अपमान, असे पुष्कळांना वाटते. आणि म्हणून कोणीच काही बोलत नाही. पुढे गाणे चार लोकांना आवडले, कोठे त्याचे दोन पैसे आले, की जे कोणी बोलले नव्हते तेच प्रत्येकाच्या मनात बोलू लागते. मी अशी एक मंडळी मोडलेली पाहिली आहे. भांडण झाले नाही. फक्त पुढच्या बोलावण्यास कोणी आले नाही. प्रवासखर्च कोण देणार, मानधन असल्यास किती, आणि पुढे काही मिळकत झाली तर ती कशी वाटावयाची, हे आरंभीच दोन ओळींत लिहून ठेवावे. स्नेह असेल तर त्या दोन ओळींनी तो कमी होत नाही.

तिसरा हिशेब नावाचा, आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. जुन्या ध्वनिमुद्रिका हाती घेऊन पाहा. गाणाऱ्याचे नाव ठळक छापलेले असते. पण त्या तीन मिनिटांत तबला कोणी वाजवला, सारंगी कोणाची, हे बहुतेक तबकड्यांवर सापडत नाही. कित्येक उत्तम वादक अशा रीतीने आवाजाने उरले आणि नावाने नाहीसे झाले. आता कायदाही ह्या बाबतीत सुधारला आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्काच्या कायद्यात १९९४ मध्ये दुरुस्ती होऊन गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा हक्क मान्य झाला. आज तो ५० वर्षांचा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने, आपली कला मुद्रित झाली असता आपली ओळख दिली जावी, असा दावा करण्याचा हक्कही त्यांना मिळाला. हौशी रचनाकारालाही कायद्याने उणे लेखलेले नाही. चाल स्वरलिपीत लिहिलेली असो वा नसो, ती रचणारा तो स्वरकारच, असे कायद्याची व्याख्या सांगते. म्हणजे ज्याला सरगम लिहिता येत नाही अशा माणसाचीही चाल त्याचीच.

नावाचा हा हिशेब केवळ वादकांपुरता नाही, हे आमच्याच भागातील एका मंडळीत मी पाहिलेल्या प्रसंगावरून सांगतो. तेथील स्वरकार सरकारी कचेरीत नोकरी करणारे गृहस्थ. त्यांनी लग्नप्रसंगाचे एक गीत बांधले होते. पहिली दोन आवर्तने ऐकताच बासरीवाला म्हणाला, की ही ओळ आपल्या आळीतील आजींच्या धवल्याची आहे. आगरी-कोळी घरांतून लग्नात धवले गाण्याचे काम धवलारणीचे असते. ती मंगलगीते तिला पाठ असतात आणि विधीही तिच्या गाण्याबरोबर पुढे सरकतात. महदंबेचे धवळे तेराव्या शतकातील म्हणून आपण महाविद्यालयांतून शिकवतो. त्याच जातीचे गाणे शेजारच्या आळीत अजून गायिले जाते, ह्याची पुष्कळांना कल्पनाही नसते. स्वरकार क्षणभर थांबले. ही ओळ आपल्या कानात कोठून आली, हे त्यांचे त्यांनाही ठाऊक नव्हते. परंपरेच्या चालीवर कोणा एकाची मालकी नसते, तेव्हा ती तशीच ठेवली असती तरी कायद्याने त्यांना कोणी अडवले नसते. परंतु साथीदारांनी आग्रह धरला की आजींनाच बोलवावे, आणि आरंभ त्यांनीच गावा.

आजी आल्या. त्यांच्या कानाला हेडफोन लावून टिकटिक ऐकवली, तेव्हा त्यांनी तो काढून खाली ठेवला. असले काही कानात वाजत असता आपल्याला गाता यावयाचे नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. स्वरकारांचा सगळा कागदी हिशेब त्या टिकटिकीवर उभा होता. शेवटी असे ठरले की टिकटिक बंद करावी, आजींनी आपल्या लयीत गावे, आणि त्यांचे गाणे आधी मुद्रित करून बाकीच्यांनी मागाहून त्याला धरून वाजवावे. ढोलकीवाल्यास ते फार कठीण गेले. धवल्यात ओळ कधी लांबते, कधी आखडते. श्वास जेथे संपेल तेथे सम. दोन संध्याकाळी तो नुसता ऐकत बसला, तिसऱ्या संध्याकाळी त्याचा हात जमला. गाणे पुरे झाले तेव्हा त्याच्या नोंदीत लिहिले गेले: आरंभीचा धवला पारंपरिक, गायिका अमुक, पुढील चाल अमुक यांची, ढोलकी, बासरी, पेटी अमुक यांची. आजींना मानधनाचे पाकीट दिले आणि रीतीप्रमाणे ओटीही भरली. आपला आवाज कोठे कोठे जाणार, हे त्यांनी दोनदा विचारून घेतले, आणि मगच कागदावर अंगठा उमटवला.

श्रोतेहो, ते गाणे फार गाजले असे मुळीच नाही. परंतु त्या गाण्यात धवल्याची ती दोन आवर्तने शुद्ध स्वरूपात राहिली, आणि ती कोणाच्या गळ्यातील हे पुढील पिढीस कळेल अशी व्यवस्था झाली. बेने इस्रायल कीर्तनांचे जे छापील पुस्तकांतून राहू शकले नाही, ते येथे एका मागच्या खोलीत, गोधड्या टांगून, नोकरदार माणसांनी राखले. हे काम मोठ्या संस्थांनी करावे अशी अपेक्षा आपण करतो, आणि ती योग्यच आहे. पण संस्था येईपर्यंत आजी थांबत नाहीत.

तेव्हा माझी विनंती दोघांना आहे. ज्यांच्या मनात चाली घोळत असतात त्यांनी संकोच न करता त्या पुऱ्या कराव्यात. मात्र मंडळीस बोलावण्यापूर्वी आपला कागद तयार ठेवावा, आणि गाण्याच्या अखेरीस प्रत्येकाचे नाव लिहावे. ज्यांना वाजवता-गाता येते त्यांनी अशा शेजाऱ्याच्या हाकेला ओ द्यावी. पण आपला वेळ फुकट जात असेल तर तसे स्पष्ट सांगण्याचाही संकोच करू नये. ज्यांना ह्यांपैकी काहीच येत नाही अशा आमच्यासारख्यांनी निदान पंखा बंद करून अर्धा तास गप्प बसावे. तीही एक साथच आहे.